तीनदा न उठलेली पाटी

मित्रांनो, माझ्या पाठीवर काळ्या मार्करने पाच हा आकडा लिहिलेला आहे. तेच माझं नाव. वय म्हणाल तर चार वर्षं, पण आम्हा यंत्रांमध्ये चार वर्षं म्हणजे म्हातारपणच. मी बोलकी पाटी आहे. आजारपणात किंवा ऑपरेशनमध्ये ज्यांचा आवाज गेला, त्यांनी माझ्या काचेवर बोटाने अक्षरं दाबायची आणि मी ती मोठ्याने बोलून दाखवायची, यासाठी आम्हाला बनवलं.

माझा जन्म अंधेरी पूर्वेचा. एका जुन्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये तिसऱ्या मजल्यावर आमच्या छोट्या कंपनीचा गाळा होता. खालच्या मजल्यावर पत्रे कापायचा कारखाना. तिथला प्रेस धाडकन पडला की आमच्या टेबलावरचा चहा कपात थरथरायचा. माझ्यासोबत आणखी पाच पाट्या तयार झाल्या. आम्ही सहाजणी कुणाच्या घरी जाणार नव्हतो. आमच्यावर सगळे प्रयोग करून बघायचे आणि मग आमच्यासारख्या पाट्या लोकांना द्यायच्या, असं ठरलं होतं.

माझं काम एकच होतं. झोपायचं आणि उठायचं.

तुम्ही म्हणाल, हे काय काम झालं? पण बघा, तुम्ही फोन बाजूला ठेवता आणि थोड्या वेळाने त्याची काच काळी होते. तो बंद झालेला नसतो, बॅटरी वाचवायला झोपलेला असतो. ही झोप सांभाळतो तो यंत्राच्या अगदी आतला प्रोग्रॅम. त्याला कर्नल म्हणतात. तो एकेका भागाला ओळीने निजवतो. आधी काच, मग आवाजाची चिप, मग बाकीचे. उठवताना उलट्या क्रमाने. तुम्ही अर्धवट लिहिलेलं वाक्य तेवढं तो मेमरीत धरून ठेवतो. तुम्ही बोट लावलंत की यंत्र उठतं आणि तुमचं वाक्य जिथल्या तिथे असतं. पण यंत्र उठलंच नाही तर ते वाक्य आतच अडकतं.

आमची ही झोपजाग तपासायचं काम गंधालीकडे होतं. गंधाली भांडुपला राहायची. तिचे आजोबा मालवणकडून गिरणीत कामाला आले होते. केस वर बांधून, पाय खुर्चीवर घेऊन बसायची आणि स्वतःशीच बोलायची. तिने एक प्रोग्रॅम लिहिला होता. तो आम्हाला झोपवायचा, आतल्या घड्याळाला गजर लावायचा, गजर झाला की उठवायचा, काच उजळते का, आवाज येतो का, सगळं बघायचा आणि पुन्हा झोपवायचा. दोन मिनिटांत एक फेरी. दिवसाला सातशे वीस. कुणी हात लावायची गरज नाही. एखादी पाटी उठलीच नाही, तर बाजूचा एक छोटा बोर्ड तिची वीज तोडून तिला नव्याने चालू करायचा आणि गंधालीच्या यादीत एक लाल ओळ उमटायची.

महिनाभरात आम्ही प्रत्येकी एकवीस हजारांहून जास्त वेळा झोपून उठलो. बाकी पाचजणींच्या यादीत एकही लाल ओळ नव्हती. माझ्या यादीत तीन होत्या.

याच दिवसांत आमच्याकडे नंदकुमार काका यायला लागले. ते मूळचे मालवणकडचे, राहायला मुलुंडला. आरे कॉलनीतून जाणाऱ्या बसवर त्यांनी तीस वर्षं कंडक्टरकी केली होती. निवृत्त झाल्यावर दोनच वर्षांनी घशाचा कॅन्सर निघाला आणि डॉक्टरांनी स्वरयंत्र काढून टाकलं. गळ्याला पांढरा रुमाल बांधून ते बायकोबरोबर, जयंती काकूंबरोबर आले. पाटी वापरून बघायला आम्हाला खरी माणसं हवी होती. काकांनी पहिल्या नंबरची पाटी हातात घेतली, बराच वेळ एका बोटाने अक्षरं शोधली आणि बोलायचं बटण दाबलं.

पाटी म्हणाली, "पुढे सरका, पुढे सरका, आत भरपूर जागा आहे."

सगळा गाळा हसला. काकूही हसल्या, मग पदराने डोळे पुसायला लागल्या. वर्षभरात त्यांनी काकांचं एक वाक्य ऐकलं नव्हतं.

तेव्हापासून काका दर आठवड्याला यायचे. मुद्दाम मालवणीत लिहायचे. आमचा आवाज बातम्या देणाऱ्या माणसासारखा, त्यामुळे "काय गो, जेवलंस काय?" हे वाक्य आम्ही असं काही बोलायचो की गंधालीला हसू आवरायचं नाही. जाताना प्रत्येक वेळी एकच प्रश्न ते लिहायचे, "मला कधी देणार?"

आमच्या कंपनीचा प्रमुख होता श्रेयस. कामसू माणूस, मनाने वाईट नव्हता हे आधीच सांगते. वांद्र्याला एका सभागृहात पाट्या वाटायचा कार्यक्रम ठरला होता. साठ माणसांना बोलावलं होतं. कार्यक्रमाला आठ दिवस असताना गंधाली तिच्या लाल ओळी घेऊन त्याच्याकडे गेली.

"श्रेयस, ऐक ना. पाच नंबर तीनदा उठली नाही."

"एकवीस हजारात तीनदा? आणि बाकीच्या?"

"बाकीच्या नीट आहेत. पण तिन्ही वेळा बंद पडायच्या आधीची शेवटची नोंद एकच आहे. चार्जर लागला."

श्रेयस माझ्याजवळ आला आणि माझी वायर हलवून बघितली. मी रांगेत शेवटी, भिंतीला लागून होते. खालचा प्रेस पडला की सर्वांत जास्त हादरा मला बसायचा. त्या हादऱ्यांनी माझ्या चार्जरची पिन सैल झाली होती.

"ही बघ, पिनच सैल आहे. हादऱ्याने सुटते आणि पुन्हा लागते. हार्डवेअरचा प्रॉब्लेम आहे यार, कर्नलचा नाही."

"पिन सैल असली म्हणून उठणार का नाही? चार्जर तर लोक घरीपण लावणार ना."

"अगं, साठ माणसं दोन वर्षं वाट बघतायत. एका खराब मशीनसाठी त्यांना अजून गप्प ठेवायचं? नंदकुमार काकांना तू सांगशील, की अजून तीन महिने थांबा?"

काकांचा रुमाल बांधलेला गळा गंधालीच्या डोळ्यांपुढे आला असेल. थोड्या वेळाने तिने स्वतःच माझी वायर काढली. श्रेयसने माझ्यावर 'खराब' अशी लाल चिठ्ठी लावली आणि मला काचेच्या कपाटात ठेवलं. संध्याकाळी यादी निघाली. पाच पाट्या, एकही लाल ओळ नाही. कुणीतरी समोसे मागवले.

मित्रांनो, कपाटात मला फार वाईट वाटलं. मी खराब नव्हते. मी फक्त अशा जागी बसले होते जिथे एक चूक दिसत होती. झोपायच्या नेमक्या त्या क्षणी चार्जर लागला, तर आत काहीतरी अडत होतं. बाकीच्या पाचजणींचे चार्जर महिनाभर एकदाही हललेच नव्हते. त्यांना ते कसं दिसणार? पण हे सांगायला मला कुणी विचारलं नाही, आणि विचारल्याशिवाय बोलता येणं आमच्या नशिबात नाही.

वांद्र्याचा कार्यक्रम छान झाला म्हणे. काकांना त्यांची पाटी मिळाली.

त्यानंतर ते महिन्यातून एकदा यायचे. काकूंनी केलेल्या आंबोळ्या आणायचे आणि पाटीवर तक्रारींची यादी वाचून दाखवायचे. आवाज आणखी मोठा हवा. भाजीवाल्याला ऐकू जात नाही. शिव्या नीट उच्चारत नाही. चौथ्या महिन्यात त्यांच्या यादीत शेवटी एक वाक्य होतं, ते मी कपाटातून ऐकलं.

"कधी कधी उठतच नाही. बटण दाबून धरलं की चालू होते, पण लिहिलेलं जातं."

गंधालीचा हात आंबोळीवरच थांबला. "कधी होतं असं, काका? काय करत असता तेव्हा?"

काकांनी खांदे उडवले आणि लिहिलं, "ध्यानात नाही. माझंच काहीतरी चुकत असेल."

गंधालीने एका पिवळ्या चिठ्ठीवर ते लिहिलं आणि संगणकाच्या कडेला चिकटवलं. तिने एकदा कपाटाकडे, माझ्याकडे बघितलंसुद्धा. पण त्या आठवड्यात नव्या पाटीचं काम आलं. मग आणखी एक काम आलं. चिठ्ठीचा डिंक सुकला आणि एक दिवस ती टेबलामागे पडली. झाडणाऱ्या बाईंनी ती केरात टाकली.

त्यानंतर दोन महिन्यांनी जयंती काकू एकट्याच आल्या.

दुपारची वेळ होती. त्या दारातच उभ्या राहिल्या. हातात कापडी पिशवी, कपाळ मोकळं. गंधालीला विचारायची गरजच पडली नाही, तिला कळलं. तिने काकूंना खुर्ची दिली, पाणी दिलं. श्रेयसही येऊन उभा राहिला.

"तेरावं झालं परवा," काकू म्हणाल्या. "म्हटलं, आता जाऊन येऊया."

मग त्यांनी सांगितलं. दुपारी चारच्या सुमाराला त्या स्वयंपाकघरात होत्या. काका बाहेर कॉटवर बसून पाटीवर काहीतरी लिहीत होते. बराच वेळ लिहीत होते, काचेवर बोट आपटल्याचा आवाज आतपर्यंत येत होता. मग तो थांबला. काकू बाहेर आल्या तर काका घामाने भिजलेले. एक हात छातीवर. दुसऱ्या हाताने ते पाटी काकूंकडे ढकलत होते, आणि पाटी काळी होती.

"काळी व्हायला लागली म्हणून त्यांनीच चार्जर लावलेला. लावलेला दिसत होता मला. मी हात लावला, टकटक केलं, काय नाय. ते नुसते तिच्याकडे बोट दाखवत राहिले. टॅक्सीत माझ्या तळहातावर बोटाने लिहीत होते. मला अक्षरंच लागेनात गो. मी म्हटलं, परत लिहा. परत लिहिलं. परत नाय कळलं. मग बोट थांबलं."

खाली प्रेस पडला. टेबलावरचं पाणी हललं.

काकूंनी पिशवीतून पाटी काढली. "तिला मी तशीच चार्जरला लावून ठेवलेली. हात लावायचा धीर होत नव्हता. दहाव्याला मी ते दाबायचं बटण धरलं, ते धरायचे तसं. चालू झाली. पण पान कोरं. तुम्ही शिकलेली माणसं. आत कुठेतरी असेल ना लिहिलेलं? तेवढं काढून दे. किती पण दिवस लागू देत."

गंधालीने पाटी घेतली. आपल्या संगणकाला जोडली. पाटीच्या आत एक रोजनामा असतो, कधी झोपली, कधी उठली, त्याचा. तो तिने वाचला. मला कपाटातून तिचा चेहरा दिसत होता. चार वाजून दहा मिनिटांनी पाटी झोपायला लागली. त्याच सेकंदाला चार्जर लागला. पुढे काही नाही. थेट दहा दिवसांनी, बटण दाबून धरल्यामुळे नव्याने सुरू.

मित्रांनो, इथे एक गोष्ट तुम्हाला समजावून सांगायला हवी. ते दहा दिवस पाटी मेलेली नव्हती. चार्जर लावलेला होता. ती झोपेत अडकली होती आणि काकांनी लिहिलेलं सगळं तिच्या मेमरीत जसंच्या तसं होतं. आमच्या गाळ्यात एक खास वायर आहे, यंत्र अडकलेलं असतानाही तिने मेमरी वाचता येते. पाटी तशीच इथे आली असती तर ते शब्द कदाचित निघाले असते. बटण दाबून धरल्यावर मेमरी पुसली गेली. काकूंच्या हातून पुसली गेली.

हे गंधालीला कळलं. श्रेयसलाही कळलं. त्याने मान खाली घातली.

"काकू," गंधाली म्हणाली. "ते गेलं. नाही मिळणार आता. आणि चूक आमची आहे. चार्जर लावला की पाटी अडकते, हे मला आधी दिसलं होतं. ती पाटी आम्ही कपाटात ठेवली. काकांनीपण सांगितलं होतं मला. मी नाही बघितलं."

काकू ओरडल्या नाहीत. हळूच विचारलं, "मी बटण दाबलं, म्हणून गेलं काय गो?"

गंधालीने मान हलवली. "नाही काकू. ते आधीच गेलं होतं. पाटी काळी झाली तेव्हाच. तुमच्या बटणाने काही झालं नाही."

त्या दुपारी गंधाली एक खरं बोलली आणि एक खोटं. दोन्ही बोलताना तिने काकूंचा हात धरला होता. श्रेयस खिडकीकडे तोंड करून उभा होता.

काकू गेल्यावर तिने कपाट उघडलं, मला बाहेर काढलं आणि माझ्यावरची लाल चिठ्ठी नखाने खरवडून काढली. डिंक निघेना तर ओढणीच्या टोकाने पुसत बसली. मग तिने एक छोटी पेटी बनवली. प्रोग्रॅमने सांगितल्यावर ही पेटी चार्जरची वीज तोडायची आणि पुन्हा जोडायची. कधी झोपायच्या आधी, कधी नंतर, कधी अगदी त्याच क्षणी. टक, टक, टक. आम्हा सहाजणींना तिने त्या पेटीला जोडलं.

संध्याकाळपर्यंत आम्ही सगळ्याजणी अडकलो होतो. दर तीस-चाळीस फेऱ्यांना एकदा. यादी लाल झाली.

श्रेयस पडद्यासमोर येऊन बसला. "मी म्हटलं होतं मशीन खराब आहे," तो म्हणाला.

"आणि मी ऐकलं होतं," गंधाली म्हणाली.

चूक सापडायला नऊ दिवस लागले. झोपताना काचेमागोमाग आवाजाची चिप निजायची. त्यानंतर चार्जर लागला तर तिने 'टिंग' वाजवावं म्हणून ती बातमी तिला कळवायचा प्रयत्न व्हायचा, आणि उत्तर आल्याशिवाय पुढे जायचं नाही, असं लिहिलेलं होतं. झोपलेली चिप उत्तर कशी देणार? कर्नल तिथेच वाट बघत राहायचा. दुरुस्ती चार ओळींची होती. सोबत गंधालीने आणखी एक गोष्ट केली. आता पाटी झोपायच्या आधी लिहिलेलं प्रत्येक अक्षर कायमचं साठवून ठेवते, मग ती उठो वा न उठो.

उरलेल्या एकोणसाठ घरांना श्रेयसने स्वतः फोन केले. पाटी वापरणारी माणसं फोनवर बोलू शकत नाहीत, म्हणून त्यांच्या घरच्यांशी बोलला. प्रत्येकाला खरं कारण सांगितलं. त्यातले बावीसजण म्हणाले, हो, होतं असं. आम्हाला वाटलं, आम्हालाच नीट वापरता येत नाही. लोकांच्या घरी पाटीची काच काळी होऊ लागली की माणूस धावत जाऊन चार्जर लावतो. सगळेच नेमक्या त्याच क्षणी लावतात. आम्हाला तपासणाऱ्यांच्या हे लक्षातच आलं नव्हतं.

दुरुस्ती झाल्यावर गंधालीने काकांची पाटी मुलुंडला नेऊन दिली. काकूंनी ती ठेवून घेतली नाही. मनोरीला लता नावाच्या एक मासे विकणाऱ्या बाई होत्या, त्यांचंही असंच ऑपरेशन झालं होतं. काकू म्हणाल्या, त्यांना दे, मी पण येते. दोघी मार्व्याहून बोटीने गेल्या. लताबाईंनी पाटीवर पहिलं काय लिहिलं असेल? नवऱ्याला फैलावर घेतलं. दोन वर्षांचं साठलेलं. तो बिचारा हातातलं जाळं खाली टाकून उभाच राहिला. काकू खूप हसल्या.

परतताना बोटीत काकू गंधालीला जे म्हणाल्या ते गंधालीने दुसऱ्या दिवशी श्रेयसला सांगितलं, म्हणून मला ठाऊक. त्या म्हणाल्या, "ह्यांनी काय लिहिलेलं, ते मला रोज वेगळं वाटतं. कधी वाटतं, पाणी मागत होते. कधी वाटतं, डॉक्टरला बोलव म्हणत होते. कधी वाटतं, काय तरी मस्करीच असेल, त्यांचा काय नेम. कालपासून वाटतंय, माझ्यावर रागावले होते. कळलं असतं तर एकच काय ते राहिलं असतं गो."

गंधाली नुसती पाण्याकडे बघत बसली.

आता माझं सांगते. माझी बॅटरी फुगली आहे, काच कडेने उचलली गेली आहे. अशा पाटीला चार्ज करणं धोक्याचं असतं. उद्या जुनं इलेक्ट्रॉनिक सामान नेणारी गाडी येईल. मी दारापाशी खोक्यात आहे, खाली प्रेस पडतो आहे, आणि गंधालीने नव्या पाट्या टेबलावर मांडल्या आहेत. त्यांच्या तपासणीत ती पेटी पहिल्या दिवसापासून जोडलेली आहे. त्याचं मला बरं वाटतं. पण काकांचं वाक्य त्याने परत येत नाही, हेही मला माहीत आहे.

मित्रांनो, तुमच्याजवळची एखादी वस्तू हजारदा नीट चालेल आणि एकदाच अडेल. एखादं माणूसही तसंच असेल. त्याच्यावर खराबची चिठ्ठी लावण्याआधी त्या एका वेळी नेमकं काय झालं होतं, ते विचारा. सोपं नसतं ते. वेळ लागतो, कामं पडलेली असतात, बाहेर कुणीतरी खोळंबलेलं असतं.

तरी विचारा.